लाल लाकडाचा कीस

दाढीच्या ब्रशाच्या मुठी कातणारा तो कातारी लाकडाच्या बाबतीत भलता चोखंदळ. साधंसुधं लाकूड त्याच्या लेथवर चढायचंच नाही. समुद्रापलीकडून येणारे, टोकांना मेण लावलेले ठोकळे हवेत. काळे, जांभळे, आणि सगळ्यांत लाडका लाल. लाल ठोकळा कापला की खोलीभर गुलाबासारखा वास सुटायचा. मुठीला आकार आला की त्याचं काम संपायचं आणि बायकोचं सुरू व्हायचं. ती लेथखालचा त्याच लाकडाचा कीस पसाभर उचलून फिरत्या मुठीवर दाबून धरायची, तोही उघड्या हाताने. स्वतःच्याच किसाने घासलं की लाकूड आतून उजळतं, हे तिचं ठाम मत. तीस वर्षं ती हेच करत आली. उरलेला कीस पिशवीत भरून कपड्यांच्या कपाटात ठेवायची, वासासाठी.

पहिल्यांदा मनगटावर पुरळ उठलं तेव्हा दोघांनी साबणाला शिव्या घातल्या. मग पापण्या सुजल्या. मग जिना चढताना धाप लागायला लागली. घर कारखान्याच्या वरच, पायऱ्या अवघ्या बारा. म्हातारी झालीस गं, म्हणून हा थट्टा करायचा. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या लाकडांचा भुसा वेगवेगळ्या पुड्यांत मागवला आणि तिच्या पाठीवर सहा पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी पाच जागा कोऱ्या निघाल्या. सहावीवर टरारून फोड आले होते, आणि सहावी लालची होती.

तेव्हाच कुणी शहाण्याने कारखान्याला कुलूप घातलं असतं. आमचा कातारी उलट हरखला. एकच ना, मग झालं तर! लालचे ठोकळे त्याने त्याच दिवशी देऊन टाकले, कपाटातली पिशवी फेकली, आणि तपकिरी रेघांचं एक नवं लाकूड आणलं. नाव वेगळं, रंग वेगळा, देश वेगळा. लाकडांची चाळीस नावं तोंडपाठ असलेल्या या पठ्ठ्याला एवढं सुचलं नाही, की हे लालचंच सख्खं भावंड आहे. कापताना तोच वास आला, थोडा पुसट. पण त्याला उलट बरंच वाटलं, जुनं माणूस भेटल्यासारखं. नावावर गेला आणि फसला, दुसरं काय म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी बायकोने सवयीप्रमाणे कीस उचलला. अर्ध्या तासात तिचे ओठ निळे पडले. ती दवाखान्यात नाकात नळी घालून निजलेली, आणि हा बाहेर बाकावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतोय. पाच दिवसांनी लेक आली आणि आईला थेट आपल्या घरी घेऊन गेली. आईनेही हट्ट धरला नाही, मुकाट्याने गेली. कातारी मनातून जरा दुखावलाच.

मग मात्र तो इरेला पेटला. तिला परत आणायचं, बस्स. तीन आठवडे तो राबत होता. भिंती खरवडल्या, छत धुतलं, गाद्या नव्या घातल्या. लेथ काढून टाकलं, हत्यारं वाटून टाकली. डोक्याचा गोटा केला. न्हावी म्हणाला, या केसांतून एखादं पोतं भुसा सहज निघेल. नवे कपडे अंगात घालून तो लेकीच्या घरी पोचला आणि दारातूनच सगळं सांगत सुटला. आता कणभर धूळ राहिली नाही म्हणाला. बॅग भर म्हणाला.

बायको खाटेवर उशांना टेकून बसली होती. ती त्याच्या गोट्याकडे बघत राहिली. जावई हळूच आतल्या खोलीत निघून गेला, आणि लेकीने मान खाली घातली.

"लेथ कशाला काढलंत?" बायको म्हणाली.

"तुझ्यासाठी. दुसरं कशासाठी?"

"डॉक्टरांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. छाती कामातून गेलीय. धूळ असो नसो, आता ही बरी व्हायची नाही." ती दम घ्यायला थांबली. "मी इकडे आले ती तुमचं काम चालू राहावं म्हणून. तिथे राहिले असते तर तुम्ही बंद केलं असतंत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर काम चालू ठेवलं असतंत?"

एवढी घासपूस, एवढी धुवाधुव, आणि ज्या दिवशी त्याने पहिली बादली भरली त्या दिवशीच सगळं संपलेलं होतं. त्याला रडू फुटलं. लेकीसमोर, नव्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत तो लहान मुलासारखा रडला.

"मग आता मी करू तरी काय?" त्याने विचारलं.

बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण श्वास पुरेना. तिने हात वर करून थांबा अशी खूण केली. तो थांबला. छातीतली शिट्टी जरा खाली बसायला बराच वेळ गेला.

"बसा इथे," ती म्हणाली.

तो खाटेच्या कडेवर बसला. त्याला करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.