निनांगची टाचणी

जोवेलिन सुजलेला डोळा घेऊन माझ्या खोलीत आली. सामार बेटावरच्या आमच्या गावात मार खाल्लेल्या बायकांची तक्रार मीच लिहून घेते. मी कागद पुढे ओढला, तेवढ्यात गावचा कप्तान, म्हणजे निवडून आलेला गावप्रमुख, तिच्या नवऱ्याला, दिंदोला, घेऊनच आत शिरला.

"मिटवून टाका! दोघंही माझीच धर्माची लेकरं आहेत."

इथे प्रत्येक लग्नात कप्तान धर्मपिता असतो आणि मी धर्ममाता, म्हणजे निनांग. मग कोण कुणाविरुद्ध लिहिणार, कप्पाळ!

"यात समेट करायला कायद्यानं बंदी आहे, कप्तान," मी कडाडले. "तुमच्याच पाठीमागे भिंतीवर लिहिलंय."

"मला कायदा शिकवू नकोस, ताई." त्यानं दोघांना हात मिळवायला लावले आणि दिंदोच्या पाठीवर थाप मारत त्याला घेऊन गेला.

मी जोवेलिनला जवळ घेतलं. "पोरी, पहिल्यांदा मारलं तेव्हाच का नाही आलीस?"

ती बाजूला सरकली.

"तेव्हा तुम्ही समोरच होतात, निनांग. लग्नात माझ्या खांद्यावर ओढणी टाचत होतात. तिथला वळ बघितलात, आणि तो ओढणीखाली झाकला जाईल अशी टाचणी लावलीत."