कोणाच्या ताब्यात

"किल्ली हरवली, सांगून राहिलो ना मॅडम," शिवहार तिसऱ्यांदा म्हणाला.

हवालदार पद्माबाईंनी हळद साठवायच्या खोलीचं कुलूप हलवून पाहिलं. उंबऱ्याशी सकाळच्या भाकरीचं खरकटं ताट पडलं होतं. खोटं बोलायचं तर निदान ताट तरी उचलावं, एवढीही अक्कल या माणसाला नव्हती.

"हरवली तर हरवली. मॅजिस्ट्रेट साहेबांचा हुकूम हाय. पहार आणा."

आत शिवहारची विधवा भावजय होती, सत्यशीला. कालव्यालगतची दोन एकर जमीन तिच्या नवऱ्याच्या वाट्याची. तिचं हक्कसोडपत्र पुढ्यात टाकून दिरानं तिला अकरा दिवस कोंडलं होतं. सही कर आणि बाहेर ये. तिचे वडील ज्ञानबा काल वसमतच्या कोर्टात शपथेवर हे सांगून आले, आणि साहेबांनी लगेच आदेश दिला: तिला ताबडतोब मुक्त करा.

अंगणात भावकी जमू लागली. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाच्या कत्ती. शेतातून आलो म्हणायची सोय. पद्माबाईंबरोबर एकटा शिपाई नरसिंग, आणि तोही घामाघूम. त्यानं आणलेली पहार पद्माबाईंनी आपल्या हातात घेतली.

"घरातली गोष्ट हाय. तुमी काहून मधी पडून राहिलात?" एक म्हातारा म्हणाला.

"कुलूप घातलं तवाच ती घरातली राहिली न्हाई," म्हणत त्यांनी स्वतःच पहार घातली. दुसऱ्या हिसक्याला कोयंडा निघाला.

सत्यशीला डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. अनवाणी तळवे हळदीनं पिवळे झाले होते. जीपमधून सोबत आलेल्या ज्ञानबांनी पिशवीतून नव्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या.

"चाल बाई, घरी."

पद्माबाईंनी कागद काढला. वेळ वाचावा म्हणून तो ठाण्यातच लिहून आणला होता: सदर महिलेस वडिलांच्या ताब्यात दिले. सुटलेली बाई कोणाच्या तरी ताब्यात द्यायची, ही हाताची सवय.

"ज्ञानबा, इथं सही करा."

"मॅडम," सत्यशीलाचा आवाज घोगरा होता, "साहेबांनी मला यांच्या ताब्यात द्या म्हणलं का?"

पद्माबाईंनी आदेश पुन्हा वाचला. अठराच्या आतली पोरगी असती तर आईबापाकडं सोपवायची. ही तिशीतली बाई. मुक्त करा, एवढंच लिहिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"न्हाई."

"दोन महिन्याखाली मी यांच्याकडंच पळाले होते. यांनीच मला इथं परत आणून घातलं."

ज्ञानबांची मान खाली गेली. "चुकलं माझं, लेकरा."

"व्हय बाबा. तुमी कोर्टात गेलात, ते इसरणार न्हाई मी. पण मी माझ्या वावरात जाते. आखाड्यावरच्या खोपीत राहीन."

"कशी राहती ते बघतोच," शिवहार पुढं सरकला.

"तू ठाण्यात चाल," पद्माबाई आडव्या आल्या. "आता कुलूप मी लावीन, अन् माझी किल्ली हरवत न्हाई."

नरसिंगनं त्याला जीपमध्ये बसवलं. भावकी दोन पावलं मागं सरली.

पद्माबाईंनी 'वडिलांच्या ताब्यात दिले' वर रेघ मारली, 'मुक्त केले' लिहिलं आणि पेन सत्यशीलाला दिलं. अकरा दिवस नाकारलेली सही तिनं सावकाश, पूर्ण नावानिशी केली. मग चपला घातल्या आणि कालव्याच्या वाटेला लागली.

ज्ञानबा रिकाम्या पिशवीची घडी करत उभे राहिले.