चार इंच दोनदा

मित्रांनो, मी एक जुनं धनुष्य आहे. लांबी सहासष्ट इंच. आकडा तेवढा लक्षात ठेवा; ज्यांनी ठेवायचा, त्यांनी ठेवला नाही.

एका म्हाताऱ्या सुताराने मला तुतीच्या लाकडातून दोन वर्षं तासलं आणि आपल्याकडे तिरंदाजी शिकणाऱ्या शिष्येच्या हाती दिलं. ती वाचनालयात काम करायची. सुतार म्हणाला, "पोरी, दोरी धनुष्यापेक्षा चार इंच आखूड घे. लांब पडली तर तुझं मनगट सोलेल, फारच आखूड पडली तर याचा जीव जाईल." ती हसली. मी हसलो नाही.

नऊ वर्षं आम्ही नेम मारले. टाळ्या तिला मिळायच्या. एकदा कोणीतरी म्हणालं, "धनुष्यही बरं आहे हं." त्यावर मी दोन वर्षं काढली.

मग निवड चाचणीचा दिवस आला आणि सकाळीच माझी दोरी उसवली. तिने शिंपीकाम करणाऱ्या भावाला फोन केला. "दादा, दोरी वळून मैदानावर आण. माप बासष्ट."

आता शिंप्याला लोक अंगाचं माप देतात. कमीजास्त तो स्वतः करतो. दादाने बासष्ट हे माझंच अंग धरलं, तिच्याकडून कधीतरी ऐकलेले चार इंच आठवणीने वजा केले आणि स्वतःवर खूश होऊन अठ्ठावन्न इंचांची दोरी घेऊन आला.

दोघं मला वाकवू लागले.

"चढत नाहीये रे."

"नवी आहे. नवी विजारही आधी चढत नाही."

मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"दादा, हे करकरतंय."

"माझे गुडघेही करकरतात. ओढ!"

दोरी चढली. तिने सवयीने आपल्या मुठीवर अंगठा उभा करून माझी मूठ आणि दोरी यांमधलं अंतर पाहिलं. एरवी तेवढंच भरायचं. आज दुप्पट भरलं. तिचा चेहरा उतरला.

"किती इंची वळलीस?"

"अठ्ठावन्न. चार कमी केले ना!"

"अरे, ते मी आधीच केले होते!"

"मग तसं सांगायचं!"

"तू विचारायचं!"

"शिंपी मी आहे की तू?"

मित्रांनो, या सगळ्या वेळात मी वाकलेलाच होतो. आधी मला उतरवा हो, मग खुशाल भांडा, लहानपणापासूनचं सगळं काढा! मी करकरत होतो, ती दोघं करवादत होती. तिकडे तिचं नाव पुकारलं गेलं आणि इकडे माझा वरचा हात खाडकन फुटला.

तिचं नाव पुन्हा पुकारलं. ती गेली नाही.

आता मी दादाच्या दुकानात खिळ्यावर टांगलेला असतो. त्याच आठवड्यात दादाने दुसरी दोरी वळली, बरोबर बासष्ट इंचांची. ती शेजारच्या खिळ्यावर आहे. मला अगदी बेतशीर बसली असती. बहीण दुकानात येते, तेव्हा दोघंही आमच्याकडे पाठ करून बसतात.

मित्रांनो, माप देताना कशाचं ते सांगा. घेताना विचारा. आणि चूक कळली की ती कोणाची हे नंतर ठरवा. आधी दोरी उतरवा.