दादा टेबलाशी येईपर्यंत

दादाचं ऑपरेशन थिएटर एकच होतं तेव्हाची पद्धत साधी होती. तो हात धुऊन, कोपरं वर धरून पेशंटच्या बाजूला उभा राहायचा आणि म्हणायचा, "चल, चिमे." मग त्याची धाकटी बहीण भूल द्यायची. ती भूलतज्ज्ञ होती, पन्नाशीला आलेली, पण दादाला चिमीच.

वहिनीने कारभार हातात घेतला आणि शेजारची खोलीही थिएटर झाली. तिथली भूल सांभाळायला एक नवा डॉक्टर आला. "एकाचं शिवून होईतो दुसरा झोपलेला हवा," वहिनी म्हणाली. "हे इथे हात वर करून उभे राहतात आणि बाहेर लोक उपाशी ताटकळतात." ते खोटं नव्हतं.

आता निरोप वहिनी आणायची. दारातून डोकं आत घालून म्हणायची, "वन्सं, टाके घालतायत. सुरू करा." टाके तेव्हा सुरू झालेले नसायचे. निरोप थोडा आधीच यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रोज ते खपून जात होतं.

त्या दिवशी टेबलावर एक निवृत्त पोस्टमन होता. पित्ताशयात खडे. सत्तरी उलटलेली, पण डोकं तल्लख.

"उतारावरचं कोपऱ्यातलं घर ना तुमचं?" त्याने विचारलं. "तुमच्या कुत्र्याने माझ्या दोन पँटी खाल्ल्यात."

"तो गेला हो कधीच."

"बरं झालं. म्हणजे, वाईट झालं."

ती हसली. दारात वहिनी आली. "टाके घालतायत."

तिने शिरेत औषध सोडलं, घशात नळी घातली आणि वाट पाहत बसली.

शेजारून दादाचा आवाज चढला. नर्स धावत आली. आतली एक रक्तवाहिनी सुटली होती, रक्त थांबत नव्हतं.

"सरांना विचार, यांना उठवू का?"

नर्स परत आली. "सर म्हणतात, ठेवा. आत्ता येतो."

उठवलं तर म्हाताऱ्याला पुन्हा कधीतरी भूल घ्यावी लागणार होती. तिने थोडं थांबायचं ठरवलं. मग आणखी थोडं. मशीन त्याच्या छातीत हवा भरत राहिलं. दादा आला तेव्हा दुपार कलली होती. ऑपरेशन मात्र सुरळीत झालं.

संध्याकाळी पोस्टमनच्या बायकोने कपाळावर हात ठेवला तर तो अदबीने म्हणाला, "आपण कोण?" दुसऱ्या दिवशीही तेच.

"वय आहे त्यांचं," दादा म्हणाला. "भूल लवकर उतरवली असती तरी हे झालं असतं."

तिला ते खोडता येईना. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे नव्या डॉक्टरला तीच शिकवायची.

पंधरवड्याने पोस्टमन तपासणीला आला. जखम छान भरली होती. "परवा आपल्याच गल्लीत हरवले," बायको खाली बघत म्हणाली. "शेजाऱ्यांनी आणून सोडलं." त्याने रिपोर्टचं पाकीट दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि तिच्यापुढे धरलं.

"यावर पत्ता नाही. कुठे टाकायचं हे?"

त्यानंतर टेबलावर एक तरुण बाई होती. दारात वहिनी आली.

"वन्सं, टाके घालतायत."

तिने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "दादा येऊ दे."

"येतायत म्हणूनच सांगतेय ना."

"इथे उभा राहिला की देते."

"बाहेर माणसं सकाळपासून पाण्याविना बसलीत. त्यांना तुम्ही सांगणार?"

"सांगते."

टेबलावरच्या बाईने तिच्याकडे मान वळवली. तिने बाईचा हात हातात घेतला आणि बसून राहिली. बऱ्याच वेळाने दादा आला, कोपरं वर धरून.

"हे रोज चालायचं नाही," तो म्हणाला.

"मला दुसरं जमायचं नाही."

तो पेशंटच्या बाजूला उभा राहिला. "चल," म्हणाला. चिमे म्हणाला नाही.

सोमवारी तिच्या थिएटरवर नव्या डॉक्टरचं नाव लागलं, शेजारी त्याच्या जागी आणखी एक भूलतज्ज्ञ आला. ती आपला स्टेथोस्कोप आणि सपाता न्यायला आली होती. दाराच्या काचेतून नवा डॉक्टर दिसला, कुणा म्हातारीच्या उशाशी. वहिनीने पलीकडच्या दारातून डोकं आत घातलं, काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली आणि औषध सोडलं.

शेजारच्या खोलीत दादा अजून पेशंटच्या पोटात हात घालून काहीतरी शोधत होता.