मामाचं रक्त

"रिपोर्ट तर चांगला आहे," डॉक्टर टिल्लू म्हणाले, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आणि तेच मला पटत नाही."

मिथुनच्या पाठीवरून फिरणारा रंभाचा हात तिथेच थांबला. पोर चार वर्षांचं, पण अंगापिंडाने दोन वर्षांचं वाटे. न्युमोनिया, मग कान वाहणं, पुन्हा न्युमोनिया. पेणच्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. शेवटी टिल्लूंनी रक्तातली प्रतिकारशक्ती मोजायला नमुना मुंबईला पाठवला. आज आकडा आला होता आणि तो मिथुनच्या वयाला साजेसा होता.

"चांगला हाय ना? मंग झालं तर," काळुराम म्हणाला. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो तसाच बायकोसोबत आला होता.

"झालं कसं? अंगात एवढी ताकद असलेला पोरगा सारखा आडवा का पडतो? हा आकडा खरा मानला, तर रोग दुसरा धरायचा आणि क्षयाचं औषध सुरू करायचं. महिनोन्‌महिने. ते काही साधं औषध नाही." त्यांनी चष्मा काढून रंभाकडे पाहिलं. "मी मागेही विचारलं होतं. तपासणीच्या आधी याला कुठे रक्त चढवलं होतं का?"

मागे ती नाही म्हणाली होती. तेव्हाही नवरा असाच शेजारी बसला होता.

चढवलं होतं. काळुराम कंपनीत लागोपाठ पाळ्या ओढत होता आणि इकडे मिथुन पांढराफटक पडला. नर्सिंग होमवाले म्हणाले, आत्ताच्या आत्ता रक्त पाहिजे. रंभाने माहेरी, निडीला, भावाला निरोप धाडला. जगन धावत आला, त्याचा गट जुळला. पण जगन आणि काळुराम यांच्यात खारीतल्या शेताच्या बांधावरून विस्तव जात नव्हता. 'त्या घरचं पाणी माझ्या पोराच्या तोंडाला लागता कामा नये,' असं काळुरामने चार माणसांत बजावलं होतं. माणसं पाण्याच्या शपथा घालतात, रक्ताचं कुणाच्या ध्यानात येतं? पण रंभाला त्यातला अर्थ पुरता कळत होता. सलाईन लावलं, एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

त्यात हा रिपोर्ट. चांगला यावा म्हणून ती देवीला नारळ बोलली होती. देवीने ऐकलं, आणि आता ते देणं आपल्याच हाताने परत करायचं. घर सांभाळू की पोर? मिथुन तिच्या मांडीवर खोकला, आणि तिचा निर्णय झाला.

"चढवलं व्हतं," रंभा म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. "गेल्या महिन्यात. माझ्या भावाचं रगत. जगनचं."

काळुरामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मग हा आकडा सगळा याचा नाही, बाई. काही मामाचा आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले. "शेजारचं उसनं पीठ डब्यात असलं की डबा भरलेलाच दिसतो. ते संपू दे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर न्युमोनिया परत होऊ नये म्हणून हे औषध रोज द्या, आणि ताप आला की थेट इकडे या."

"मंग कमी निघल?" रंभाने विचारलं.

"निघेल, असं वाटतं. पण मग नेमकं काय करायचं ते कळेल."

पेण स्टेशनपर्यंत काळुरामने तोंडातून शब्द काढला नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर रंभाला बरं वाटलं असतं. बाकावर मिथुन तिच्या कुशीत झोपला. भावाने दिलेली ताकद आता पोराच्या अंगातून थोडी थोडी सरणार, आणि आपण ती सरायची वाट बघायची, या विचाराने तिने त्याला आणखी जवळ ओढलं.

"त्याला भोवळ-बिवळ आली व्हती का?" काळुरामने एकदम विचारलं.

"कोनाला?"

"जगनला. रगत देल्यावर."

"आली व्हती जराशी."

"मंग? चहा-पानी?"

"नाय. तुमी याल म्हनून मीच त्याला लगेच जा बोलले. भिंतीला धरून धरून गेला."

काळुरामने झोपलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

"कपभर चहा तरी पाजायचा व्हता गो त्याला," तो म्हणाला आणि रुळांकडे तोंड फिरवून बसला. घरी, जित्याला, नेणारी गाडी यायला अजून अवकाश होता.