गुळाच्या खांबांवरची कोकणगाडी

नबीलाल पेंटर त्या दिवशी पहाटेच दुकान उघडून बसला होता. वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली आणि आता कुठं नशीब दारात आलं होतं. साप्ताहिक चालवणारे आकाराम मास्तर म्हणाले होते, "दिवाळी अंकाच्या कव्हरवर तुमचं चित्र. पर ईनोदी पायजे. दुकानाभाईर लावा. सांजपतोर लोकं हसली तर छापतो, न्हाईतर देवीचा फोटो हायच."

मिरजेकडून रेल्वेची मोठी, रुंद रुळांची लाईन येणार म्हणून त्या वर्षी सगळं कोल्हापूर हवेत होतं. नबीलालनं त्याच्याही पुढची उडी मारली. थेट कोकणात जाणारी रेल्वे! दरीवर पूल, पुलाला गुळाच्या ढेपांचे खांब, इंजिनाला दोर बांधून घाट चढणाऱ्या आठ म्हशी आणि मागून डबे रेटणारे लंगोटातले पैलवान. रंगवताना तो स्वतःच इतका खिदळला की बायको मेहमुदानं ताप आहे का म्हणून दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

पहिला आला दूधवाला बाळासो. सायकल लावून त्यानं चित्र निरखलं.

"आठ म्हशीत न्हाय चढायची," तो म्हणाला. "बारा लावा. माझ्या दोन घ्या."

"आवो, ही गंमत हाय..."

"गंमत कशाची?" गुऱ्हाळवाला गुंडू मागून गरजला. "पावसात गूळ पाघळंल की सगळा! ढेपंवर पत्रा मारा आधी!"

दुपारपर्यंत रस्ता अडला. हुपरीचा एक चांदीवाला म्हणाला, गाडी हुपरीवरनं न्या. कोकण पश्चिमेला आणि हुपरी पूर्वेला, हे नबीलालनं हात जोडून सांगितलं. "मग वळवा की! ब्रश तुमच्याच हातात हाय," पावणा खेकसला. कागलकर आणि वडगावकर तर गाडीच्या थांब्यावरून एकमेकांच्या अंगावर धावले. हसलं मात्र कुणी नाही. नबीलाल रडकुंडीला आला.

दिवस कलल्यावर भाजीवाली विठाबाई टोपली उतरवून चित्रापुढं उभी राहिली.

"लेक सावंतवाडीला दिलीया," ती म्हणाली. "यस्टीत मला घाट सोसत न्हाय. चार वर्सं झाली तिला बघून." मग हळूच विचारलं, "ह्यात बायकांचा डबा कंचा, पेंटर?"

तो नबीलालनं काढलाच नव्हता. ही थट्टा आहे, असं तिला सांगायला जीभ रेटेना. त्यानं ब्रश उचलला, इंजिनाला लागून एक डबा जोडला आणि खिडकीत हिरवं लुगडं रंगवलं.

"ह्यो बघा, मावशी. तुमची जागा खिडकीजवळ."

गर्दीनं शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात आकाराम मास्तर वाट काढत आले.

"किती हसली?"

"एकबी न्हाय," नबीलाल मान खाली घालून म्हणाला. "लावा देवीचा फोटो."

मास्तरांनी चष्मा चढवला. चित्रावर वाकून त्यांनी पुलावरून बोट पुढं नेलं. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"छापतो ओ. पर राधानगरीला थांबती का ही? सासुरवाडी हाय आमची."

"थांबती की!" नबीलाल एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळा रस्ता वळून बघायला लागला.