टोकाचा चौकोन

शिलाईच्या कारखान्यात धाकटीला तपासनीस म्हणून घेतलं ते मावशीच्या शब्दावर. मावशी तिच्या आईची सख्खी बहीण, तिथली सगळ्यात जुनी कारागीर. कॉलर कशी बसवायची हे धाकटीला तिनेच शिकवलेलं. पुढे धाकटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकली आणि मावशीचेच शर्ट तपासू लागली.

एकदा मॅनेजर म्हणाले, "परत येणारा माल वाढलाय. आकडे वाचून दाखवले की सगळे जांभया देतात. काहीतरी चित्र काढून लावा."

धाकटीला हुरूप आला. प्रत्येक कारागिराचे शंभरातले किती शर्ट परत येतात ते तिने काढलं आणि आलेख मांडला. आडव्या रेषेवर परत आलेले शर्ट, आणि प्रत्येक कारागिरासाठी एक रंगीत चौकोन, एकावर एक रचलेला. मधोमध चौकोनांची छान टेकडी झाली. उजवीकडे मात्र बरीच जागा मोकळी सोडून एकच चौकोन उरला. तो मावशीचा होता. धाकटीचा हात क्षणभर थांबला. पण नावं कुठे घातलीयत, असं म्हणून तिने कागद जेवणाच्या खोलीत चिकटवला.

दुपारी भिंतीपाशी झुंबड उडाली. आपले किती शर्ट परत येतात हे जिचं तिला ठाऊक होतंच.

"ही मी!"

"मी तुझ्या डोक्यावर बसलेय बघ!"

"आणि ही कोण गं, गाव सोडून वनवासाला निघालेली?" काजं करणारीने विचारलं. सगळ्या खो खो हसल्या.

मग एकेक जण गप्प होत गेली. स्वतःचा चौकोन न दाखवलेली एकटी मावशीच होती. तिने चष्मा पदराने पुसला, कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "नाव घालायचं राहिलं का गं, धाकटे? पेन दे, मी घालते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. मावशीने डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

संध्याकाळच्या आत धाकटीने आलेख भिंतीवरून उतरवला. "का उतरवलात? झकास होता की," मॅनेजर म्हणाले.

"चुकला होता."

"आकडे चुकले?"

"आकडे बरोबर होते," ती म्हणाली.

मग तिने परत आलेले शर्ट पुढ्यात घेतले आणि कापडाच्या रंगाप्रमाणे दोन ढीग केले. हे आधी करायला हवं होतं. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, म्हणून ते कोणी फारसं घेत नसे. "द्या इकडे" म्हणत बहुतेक सगळं मावशीच घ्यायची; बाकीच्यांकडे थोडंथोडंच जायचं. नुसत्या काळ्या कापडाचा आलेख काढला, तर मावशी टेकडीच्या ऐन मध्यावर होती.

तो कागद घेऊन ती तशीच मावशीच्या घरी गेली. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मावशी, बघ ना. तुझी चूक नव्हतीच!"

मावशीने कागदाकडे पाहिलंही नाही. "हा आता उद्या लावशील? आज 'वाईट कोण' म्हणून शोधलं मला, उद्या 'बिचारी कोण' म्हणून शोधतील."

"मग मी काय करू?"

"ते कापड सगळ्यांत वाटायला सांग. आणि माझी नजरही कमी झालीय, खोटं कशाला बोलू." तिने एक घडी मोडून पुन्हा घातली. "तुझ्या टेबलाशेजारी बसते मी. कागद लावण्याआधी एकदा विचारायचंस गं."

मान खाली घालून धाकटी घड्या घालू लागली. मावशीने त्या काढूनही घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत धाकटी उभी राहिली. "काल मी कापड न बघताच आलेख लावला. ती चूक माझी," ती म्हणाली. काजं करणारी ताटात बघत राहिली. मॅनेजरनी काळं कापड सगळ्यांत वाटायला लावलं; त्यावर कुरकुर झाली ती झालीच. मावशीचं मशीन खिडकीशी हलवलं.

त्या दुपारी धाकटी मावशीपाशी जाऊन बसली. मावशीने जरा सरकून जागा दिली, पण बोलली नाही. जेवण संपेपर्यंत धाकटी तिथेच बसून राहिली.